सासऱ्यांच्या ओळखीचं मेडिकल

वाचकाचं पत्र, थोडक्यात

वय २७. लग्नाला चौदा महिने झाले. माहेर सांगली जिल्ह्यातलं, सासर डोंबिवलीला. वन-बीएचकेमध्ये सासू-सासरे, नवरा आणि ही. नोकरी अंधेरीला, रोज घाटकोपरला उतरून मेट्रो. अजून दोन वर्षं मूल नको, यावर नवरा-बायकोचं एकमत आहे. पण निरोध नवऱ्याला आवडत नाही. घराखालच्या मेडिकलवाल्याची सासऱ्यांशी रोजची ऊठबस. म्हणून ही घाटकोपर स्टेशनबाहेरच्या दुकानातून संबंधानंतर घ्यायची ७२ तासांची गोळी घेते. पाच महिन्यांत अकरा वेळा घेतली. आता पाळीचा काही भरवसा उरलेला नाही. एकदा धीर करून जवळच्या डॉक्टरबाईंकडे गेली, तर त्या म्हणाल्या, "पहिलं होऊन जाऊ दे, मग बघू." नवरा म्हणतो, "तूच बघ काय ते, तुझ्या वाटेवर मेडिकल आहे." गोळ्यांच्या तारखा फोनमध्ये 'इस्त्रीचे कपडे' या नावाखाली लिहून ठेवलेल्या. विचारणं एवढंच, की काहीही न विचारता महिन्याच्या गर्भनिरोधक गोळ्या देणारं मुंबईतलं एखादं मेडिकल सांगा. आणि अगदी शेवटी, सहीच्या वर: "याने पुढे मूल होणार नाही, असं तर नाही ना?"

उत्तर

पत्रात 'मावशी' म्हटलंयस, तेव्हा अहो-जाहो राहू दे.

सहीच्या वर जो प्रश्न घुसवलायस तो आधी घेते, कारण पत्र त्याच्याचसाठी लिहिलेलं दिसतंय. नाही, तसं होत नाही. ७२ तासांच्या गोळीने वांझपण येत नाही, महिन्याच्या गोळ्यांनीही येत नाही. महिन्याच्या गोळ्या थांबवल्या की बहुतेकींची पाळी एक ते तीन महिन्यांत आपल्या मूळ चालीवर येते आणि दिवसही राहू शकतात. इतकं की "दोन दिवस गोळी राहिली आणि राहिलं" म्हणत येणाऱ्या बायका मी कितीतरी पाहिल्या. पहिल्या मुलाआधी गोळ्या घेतल्या तर पुढे मूल होत नाही, ही समजूत सांगलीत आहे, डोंबिवलीत आहे आणि काही डॉक्टरांच्या केबिनमध्येही आहे. ती पसरायचं कारणही साधं आहे. मुळात ज्यांना दिवस उशिराच राहायचे असतात, त्यांनी मधली दोन वर्षं गोळ्या घेतलेल्या असतात, आणि मग दोष गोळ्यांच्या माथी जातो.

आता मेडिकल. खरं सांगायचं तर कुठलंही. ७२ तासांची गोळी चिठ्ठीशिवाय द्यायला परवानगी मिळून बरीच वर्षं झाली; २००५ सालची गोष्ट. माला-डी, सहेली या गोळ्याही कोणी चिठ्ठी न मागता देतो. घाटकोपरच्या गर्दीत तुझा चेहरा लक्षात ठेवायला कोणाला फुरसत आहे? शिवाय हल्ली दहा मिनिटांत भाजी आणून देणाऱ्या ॲपवरून निरोधही येतो आणि पाळी चुकली तर तपासायची पट्टीही येते. ऑफिसच्या पत्त्यावर मागव. म्हणजे वस्तू मिळण्याचा प्रश्न या शहरात जवळपास नाहीच. तुझ्या पत्रात मला दुकानाची अडचण दिसली नाही. दिसलं ते वेगळंच: एकटीने ट्रेन बदलता बदलता, कोणाला न विचारता, अंदाजाने औषध घेणारी बाई.

एक गंमत सांगते. श्रावण आला, गणपती आले, घरात सत्यनारायण ठरला, की मेडिकलमध्ये पाळी पुढे ढकलायच्या गोळीला मागणी येते. ती कशी मागतात ते कधी ऐकलंयस? मोठ्याने. "पूजा आहे हो, चार दिवस पुढे जायला हवी." कित्येकदा सासूबाईच सुनेला आणायला पाठवतात, सासरे स्वतः जाऊन घेऊन येतात. तीही हॉर्मोनचीच गोळी, आणि ती खरं तर डॉक्टरच्या चिठ्ठीनेच घ्यायची असते. त्याच काउंटरवर, त्याच मेडिकलवाल्याकडे माला-डी मागायची तर आवाज खाली जातो, आणि पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत येतं. गोळीची लाज नाहीच मुळी. ती कशासाठी घेतली याची आहे. (जाता जाता: पाळी ढकलायच्या त्या गोळीने गर्भ राहणं थांबेल असं धरून चालू नकोस. तो गैरसमज फार महागात पडतो.)

आता त्या अकरा गोळ्यांकडे वळू. त्यांनी तुझं काही कायमचं बिघडवलेलं नाही, हे आधी ऐकून ठेव, म्हणजे पुढचं घाबरून वाचणार नाहीस. ही गोळी बीजांड बाहेर पडणं पुढे ढकलते, एवढंच तिचं मुख्य काम. बीजांड आधीच बाहेर पडलं असेल तर तिचा उपयोग होत नाही, आणि गर्भ राहिलाच असेल तर ती त्याला धक्काही लावत नाही. म्हणजे ती गर्भपाताची गोळी नाही. आणि ती होऊन गेलेल्या रात्रीपुरती आहे. मंगळवारी घेतली म्हणून शुक्रवार सुरक्षित झाला, असं होत नाही; उलट पुढे ढकललेलं बीजांड शुक्रवारीच यायचं. तू लिहितेस की "घेतली की आठवडाभर निवांत वाटतं". तो निवांतपणा खोटा आहे. एका गोळीत हॉर्मोनचा डोस मोठा असतो, म्हणून वारंवार घेतली की पाळी कधी आठ दिवस आधी, कधी पंधरा दिवस उशिरा, मध्येच अंगावरून जाणं, हे सगळं होतं. तुझी पाळी बिघडली म्हणतेस ते बहुधा यानेच, आणि थांबवल्यावर ती सावरते. पण उशिरा आलेल्या पाळीचं प्रत्येक वेळी 'गोळीमुळे असेल' म्हणून सोडून देऊ नकोस. शेवटच्या संबंधाला तीन आठवडे झाले आणि पाळी आली नाही, की सकाळच्या पहिल्या लघवीवर पट्टी लावून बघायची.

शंभर रुपयांच्या आसपासची गोळी अकरा वेळा, म्हणजे हजार-अकराशे रुपये झाले. महिन्याच्या गोळ्यांचं पाकीट सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. पैशाचं म्हणून नाही सांगत. सरकारी दवाखाना आपल्यासाठी नाही, असं तू गृहीत धरलेलं दिसतंय, म्हणून सांगते. "तिथे तर ऑपरेशनवाल्या बायका जातात ना?" असं लिहिलंयस. हे गृहीत तुझ्या एकटीचं नाही. भारताने कुटुंब नियोजनाचा सरकारी कार्यक्रम १९५२ साली सुरू केला, जगात पहिल्यांदा, पण पुढे त्याचं तोंड ऑपरेशनकडेच राहिलं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के जणींचं स्वतःचं ऑपरेशन झालेलं होतं. नवऱ्याची नसबंदी होती ०.३ टक्के जणींच्या घरी. दोन मुलं, मग ऑपरेशन, मग सुटका. या हिशेबात पहिल्या मुलाआधीच्या बाईला जागाच नाही. त्या डॉक्टरबाईंचं "पहिलं होऊन जाऊ दे" तिथूनच आलेलं आहे. त्यांनी तुझं ब्लडप्रेशर तपासलं का? डोकेदुखीचं विचारलं का? नसेल, तर तो वैद्यकीय सल्ला नव्हता, शेजारच्या काकूंचा होता. दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं, एवढंच.

ही मुंबई आहे, बाई. याच शहरात १९२१ साली र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं, आणि त्या पायी प्राध्यापकाची नोकरी घालवली. त्यांच्या मासिकात वाचक असेच प्रश्न पाठवायचे. त्या उत्तरांवरून १९३४ साली खटला भरला गेला आणि त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले. कर्व्यांना दंड झाला. मला हे सदर लिहून दंड होत नाही, एवढी प्रगती आहे. तुझ्या गृहीतांत मात्र अजून १९३४च आहे.

तर जायचं कुठे? तू रोज घाटकोपरला उतरतेस. पूर्वेला राजावाडी, महापालिकेचं रुग्णालय, रिक्षाने थोडक्यात. डोंबिवलीत पश्चिमेला कल्याण-डोंबिवली पालिकेचं शास्त्रीनगर रुग्णालय आहे, पण ओळखीचं कोणी भेटेल ही तुझी भीती मला समजते, म्हणून राजावाडी. ऑफिस दक्षिण मुंबईत असतं तर सीएसएमटीजवळचं कामा सांगितलं असतं. परळच्या मैत्रिणींना केईएम आहे. १९४९ साली मुंबईतच सुरू झालेल्या फॅमिली प्लॅनिंग असोसिएशनची केंद्रंही आहेत. तिथे अविवाहित मुलींनाही नीट बसवून बोलतात.

पालिकेच्या रुग्णालयात काय होतं ते सांगते, म्हणजे धसका राहणार नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाक. केसपेपरची खिडकी सकाळी उघडते, आणि उशिरा गेलीस तर "उद्या या" ऐकावं लागतं. रांग लांब असते, पंखा असतो पण तुझ्या डोक्यावर नसतो. खिडकीवर 'काय होतंय?' विचारलं तर 'पाळीची तक्रार' म्हण; ते खोटंही नाही. स्त्रीरोगाच्या ओपीडीत सिस्टर वजन आणि ब्लडप्रेशर घेतील. रजिस्टरमध्ये नाव, वय, पत्ता, मुलं किती, हे लिहून घेतील. 'मुलं किती'च्या पुढे शून्य लिहिताना सिस्टरने एकदा वर बघितलं तर बघू दे. नवऱ्याला आणलंय का, असं कोणी विचारलंच तर कायद्याने त्याची गरज नाही. गोळ्या, इंजेक्शन, तांबी (कॉपर-टी), यातल्या कशालाही नवऱ्याची सही लागत नाही. ऑपरेशनलासुद्धा लागत नाही.

मी डॉक्टर नाही, पण अशाच एका दवाखान्यात समुपदेशक म्हणून बरीच वर्षं काढली. माझ्या टेबलावर एक स्टीलचा ट्रे असायचा. त्यात निरोधची पाकिटं, माला-एन, छाया आणि तांबीचा एक नमुना. बायका आल्या की आधी तांबी उचलायच्या. अंगठ्याएवढी टी, तिला गुंडाळलेली तांब्याची तार, खाली दोन दोरे. "एवढीशीच?" हा ठरलेला उद्गार. कोणी तरी त्यांना सांगितलेलं असायचं की ती छातीत चढते. टी हातात घेतली की ती भीती निम्मी कमी व्हायची. तोच ट्रे तुझ्यापुढे ठेवते.

महिन्याच्या गोळ्या. सरकारी माला-एन आणि दुकानातली माला-डी, औषध एकच. २८ गोळ्यांचं पाकीट, त्यात २१ पांढऱ्या कामाच्या, ७ तपकिरी लोहाच्या. पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केली तर लगेच संरक्षण. पण तुझी पाळी कधी येईल याचा पत्ताच नाही, तेव्हा दिवस राहिलेले नाहीत याची खात्री झाली की डॉक्टर मधूनही सुरू करून देतील; मग पहिले सात दिवस निरोध वापरायचा. पहिले दोन-तीन महिने मळमळ, मध्येच डाग, छाती जड वाटणं, हे होऊ शकतं आणि बहुतेक वेळा निवळतं. एक गोळी चुकली तर आठवेल तेव्हा घ्यायची आणि त्या दिवसाची आपल्या वेळी घ्यायची, दोन एका दिवशी आल्या तरी चालतं. सलग दोन किंवा जास्त चुकल्या तर गोळ्या चालू ठेवून सात दिवस निरोध. आणि कोणी घेऊ नये: ब्लडप्रेशर जास्त असलेल्यांनी, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होऊन गेलेल्यांनी, पस्तिशीनंतर सिगारेट ओढणाऱ्यांनी, स्तनाचा कर्करोग झालेल्यांनी, आणि डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसून मग डोकं दुखतं अशी अर्धशिशी असलेल्यांनी. टीबीचे उपचार चालू असतील तर रिफाम्पिसिनने या गोळीचा जोर कमी होतो. फिटच्या काही औषधांनीही होतो. मेडिकलवाला यातलं काहीही विचारत नाही. 'काही न विचारणारं मेडिकल' तू मागितलंस, आणि मी राजावाडीच्या रांगेत उभं राहायला सांगतेय, ते याचसाठी. निदान पहिल्यांदा तरी कोणी तरी चार प्रश्न विचारायला हवेत. नंतर खुशाल घाटकोपरला घे.

छाया. लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेत तयार झालेलं औषध. दुकानात सहेली म्हणून ओळखतात. यात हॉर्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, आणि मग आठवड्यातून एकदा. मळमळ नाही, रोजची कटकट नाही. पण पाळी लांबते, कधी चाळीस दिवसांवर जाते, आणि आधीच पाळीच्या तारखेवर जीव टांगून बसलेल्या तुला ते झेपेल का, हा प्रश्न आहे. पीसीओडी, म्हणजे अंडाशयात गाठी होऊन पाळी बिघडण्याचा त्रास, असेल तर डॉक्टर बहुधा नकोच म्हणतील.

अंतरा, म्हणजे दर तीन महिन्यांनी इंजेक्शन. घरात पाकीट नाही, गोळी नाही, काहीच सापडण्यासारखं नाही. तुझे डोळे चमकले असतील. थांब. पहिले काही महिने यात अंगावरून केव्हाही जातं, कधी थोडं थोडं पंधरा-पंधरा दिवस. ज्या घरात सुनेच्या पाळीचा हिशेब देवघरापर्यंत जातो, तिथे हे पाकिटापेक्षा जास्त लक्षात येतं. दुसरं, इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहायला सात-दहा महिने लागू शकतात. दोन वर्षांनी मूल हवं म्हणतेस, तर हा हिशेब आधीच धरावा लागेल. आणि तेव्हा उशीर झाला की घरचे काय म्हणतील, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

तांबी. एक पाच वर्षांची, एक दहा वर्षांची. पण दोन वर्षांनी काढायची म्हटलं तर तेव्हा काढता येते, पुढच्या महिन्यातही दिवस राहू शकतात. मूल न झालेल्या बाईलाही बसवता येते, याला जागतिक आरोग्य संघटनेची हरकत नाही. आपल्याकडचे डॉक्टर मात्र कुरकुरतात, हे खरं. पाळी पहिले काही महिने जास्त जाते, पोटात जास्त दुखतं. मुळातच पाळी जोराची आणि हिमोग्लोबिन कमी असेल तर विचार करून. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवली तर त्या वेळचाही धोका टळतो, आणि ७२ तासांच्या गोळीपेक्षा हा उपाय खात्रीचा आहे. हे फारसं कोणी सांगत नाही.

निरोधचं खाली लिहिते, कारण ट्रेमध्ये असला तरी तो तुमच्या दोघांमधला विषय आहे.

खात्रीचा अंदाज हवा असेल तर असा: माणसं प्रत्यक्षात जशी वापरतात तशी वापरली, तर वर्षभरात शंभर जणींपैकी तांबी असूनही दिवस राहणाऱ्या एकीपेक्षा कमी, गोळ्यांवर सातेक, निरोधवर तेरा, आणि 'वेळेवर बाहेर काढतो ना' या पद्धतीवर वीस. ही शेवटची पद्धत तुमच्याकडे मधून मधून चालते, ते तू लिहिलं नाहीस, पण अकरा गोळ्यांच्या तारखांतल्या मोकळ्या आठवड्यांवरून ओळखता येतं.

मला विचारशील तर, ब्लडप्रेशर ठीक असेल आणि अर्धशिशी नसेल तर तू महिन्याच्या गोळ्यांनी सुरुवात करावीस. ठेवायच्या कुठे, हा आता खरा प्रश्न, आणि वन-बीएचकेत तो लहान नाही. कपाट सामाईक, पर्स सासूबाई सुट्टे पैसे काढायला उघडतात, गादीखाली तर ठेवूच नकोस. सरकारी पाकिटावर उलटा लाल त्रिकोण असतो. तुझ्या सासूबाईंनी तो एसटी स्टँडच्या भिंतीवर, दवाखान्याच्या पाटीवर आयुष्यभर पाहिलाय. तो त्यांना लांबून ओळखू येईल. तेव्हा गोळ्यांची पट्टी पाकिटातून काढून रेल्वेच्या पासच्या कव्हरमध्ये सरकव. पास तू कोणाला देत नाहीस. वेळ रात्रीची धरू नकोस. रात्री त्या घरात तू एकटी कधीच नसतेस. दुपारी डबा खाल्ल्यावर घे, पोट भरलेलं असलं की मळमळही कमी. फक्त शनिवार-रविवार सांभाळ. नोकरी करणाऱ्या बायकांची गोळी हटकून रविवारी चुकते, कारण रविवारी पास पर्समधून निघतच नाही. फोनमध्ये दीडचा गजर लाव. नाव तुझ्याकडे तयारच आहे: इस्त्री.

लपवायची एवढी युक्ती सांगितली, आता एक विचारते. सासूबाईंना कळलं तर नक्की काय होईल? तू पत्रात चार वेळा "घरी कळलं तर" लिहिलंयस आणि पुढे एकदाही काही लिहिलं नाहीस. त्यांना मुलं किती? दोन असतील तर दोनच का झाली, हे कधी विचारलंयस? त्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी स्वतःच्या सासूला न सांगता तांबी बसवलेली आहे. सांगच असं मी म्हणत नाही. सांगायचं की नाही, हा सर्वस्वी तुझा प्रश्न. पण भीती पारखून तरी घे. काही घरांत ती खरी असते, आणि तिथे लपवणंच शहाणपणाचं.

आता नवरा. "तुझ्या वाटेवर मेडिकल आहे." वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला. त्याच्या वाटेवर नाही? तो डोंबिवलीहून हवेतून जातो का? दोन वर्षं मूल नको हे दोघांचं ठरलं आणि निभवायचं काम तुझ्या एकटीच्या पर्समध्ये आलं. तो वाईट माणूस आहे असं मला पत्रावरून वाटत नाही. त्याने कधी विचारच केला नाही, असं वाटतं. या गोळ्या तू किती घेतल्यास, हे त्याला माहीत आहे का? आकडा सांगितलायस का कधी? नसशील, तर आधी आकडा सांग. घरात नको, तो चौघांच्या कानांत जाईल. संध्याकाळी फडके रोडला चक्कर मारायला जा आणि चालता चालता सांग: पाच महिन्यांत अकरा, आणि पाळीचं असं झालंय. तक्रारीच्या सुरात नको, माहितीच्या सुरात. मग निरोधचं विचार. 'आवडत नाही' म्हणजे नक्की काय? माप घट्ट होतं, की घाईत लावताना अडतं, की विकत घ्यायला लाज वाटते? तिसरं कारण फार पुरुषांचं असतं, आणि ते कबूल करायच्याऐवजी 'मजा येत नाही' म्हणणं सोपं जातं. निदान गोळ्या सुरू होईपर्यंतचे आठवडे आणि पहिले सात दिवस निरोध लागणारच आहे. तो त्याने आणायचा. त्याच्या वाटेवरून.

त्याने ऐकलं नाही, चिडला, किंवा तू नको म्हणत असताना जबरदस्ती होत असेल, तर मात्र हे सगळं बाजूला ठेव. त्याच्यावर अवलंबून नसलेलं साधन आधी घे आणि १८१ या महिला हेल्पलाइनशी बोल.

या पत्राच्या आगेमागे आलेल्या इतर काही पत्रांनाही इथेच दोन दोन ओळी देते. पुण्यात हॉस्टेलवर राहणाऱ्या दोघींना: तुम्ही अठरा पूर्ण आहात, लग्न झालंय का हे विचारून कोणी गोळ्या नाकारू शकत नाही. चेहरा पाडून प्रश्न विचारले तर दवाखाना बदला. बाळ चार महिन्यांचं असलेल्या वाचकाला: अंगावर पाजत असाल तर बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत माला-एन नको, छाया, निरोध किंवा तांबी चालते. जहाजावरच्या नवऱ्याच्या बायकोला: तो दोन महिन्यांनी पंधरा दिवस येतो म्हणून त्या पंधरा दिवसांपुरत्या गोळ्या घेऊन भागत नाही.

आणि तपासणीच्या पट्टीवर दोन रेषा आल्याच, तर मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्या आणून घरी घेऊ नकोस. गर्भ कुठे आहे, किती आठवड्यांचा आहे, हे सोनोग्राफीशिवाय कळत नाही, आणि गर्भाशयाबाहेर, नळीत असेल तर ते जिवावर बेतू शकतं. गर्भपात आपल्याकडे १९७१ पासून कायदेशीर आहे. साधन निकामी ठरलं, हे त्यातलं मान्य कारण आहे, आणि २०२१च्या दुरुस्तीने तिथले 'नवरा' आणि 'विवाहित' हे शब्दही गेले. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, नऊ आठवड्यांपर्यंत बहुतेक वेळा गोळ्यांनी होतं. सही फक्त तुझी. नाव बाहेर सांगायला डॉक्टरला बंदी आहे.

राजावाडीला जाशील त्या दिवशी फोन चार्ज करून ने. डॉक्टर पहिलं विचारतील ते शेवटची गोळी कधी घेतली आणि त्याआधीची कधी. बहुतेक बायकांना ते सांगता येत नाही. तुझ्याकडे 'इस्त्रीचे कपडे' आहेत, तारखांसकट. यादी उघडून सरळ त्यांच्यापुढे धर.